पहिला घाव

दगड फोडायची सुतकी माझ्या हातात होती आणि सगळं कवठजळी गाव माझ्याकडं बघत उभं होतं. चैत्रातली सकाळ, नऊचा सुमार, पण पायाखालचे दगड तापायला लागले होते. सिद्धेश्वराच्या देवळाच्या पायरीशी पाट मांडला होता, त्यावर तांब्या, सुपाऱ्या, तांदूळ. तालुक्याहून आणलेले जोशीकाका पोथी घेऊन बसले होते. माझ्यामागं माझी टोळी उभी होती: बायको नागव्वा, दोघं भाऊ, त्यांच्या बायका. पहारी, घण, दोरखंड, सगळं तयार. नारळ फुटला की मी पहिला घाव घालायचा आणि देऊळ उतरवायला सुरुवात करायची, असं ठरलं होतं.

"मी सांगतो ते माझ्यामागं म्हण," जोशीकाका म्हणाले. "आधी तुझं नाव, मग वडलांचं."

"तिमाप्पा यल्लप्पा धोत्रे."

त्यांनी संस्कृतातली एक लांब ओळ सांगितली. मी अर्धी म्हटली आणि थांबलो. त्या ओळीत गावाचं नाव एकदा आलं होतं, कमिटीचं एकदा, आणि माझं दोनदा. चौथी शिकलेल्या माणसालाही एवढं कळतं.

"काका, याचा अर्थ काय?" मी विचारलं.

जोशीकाकांनी माझ्याकडं बघितलं नाही. त्यांनी आण्णांकडं बघितलं.

आण्णा म्हणजे संपतराव खराडे, देऊळ कमिटीचे अध्यक्ष. गावात द्राक्षाची पहिली बाग त्यांनी लावली, आणि त्यांचं बघून शंभर जणांनी लावली. माणूस वाईट नव्हता. गावात शाळेच्या खोल्या त्यांच्यामुळं आल्या, रस्ता त्यांच्यामुळं आला. आता त्यांच्या मनात नवं देऊळ होतं. त्याचं रंगीत चित्र त्यांनी काचेत बसवून ओसरीवर लावलं होतं: तीन मजल्यांएवढं शिखर, खाली संगमरवर, समोर कमान. हायवेवरून जाणाऱ्याला कवठजळी दिसली पाहिजे, असं ते प्रत्येकाला सांगत.

जुनं देऊळ हायवेवरून दिसत नव्हतं. गावातूनही नीट दिसायचं नाही, इतकं ते बुटकं आणि दबून बसलेलं. काळ्या दगडाचं, अठरा खांबांचं, दगडावर दगड नुसता बसवलेला, मध्ये चुन्याचा ठिपका नाही. किती वर्षांचं, ते गावात कुणी सांगू शकत नव्हतं. पण पेरणीच्या आधी मूठभर बी या उंबऱ्यावर ठेवायचं आणि मग शेतात न्यायचं, ही रीत कुणी मोडली नव्हती. पोळ्याला बैल याच देवळाला फेरी घालत. बैल कमी झाले, ट्रॅक्टर आले, तर लोक ट्रॅक्टर आणून फेरी घालायला लागले.

देऊळ पाडायचं कारण होतं गळती. गेली काही वर्षं पावसाळ्यात सभामंडप ठिबकायचा. आदल्या श्रावणात छताला मागाहून लावलेल्या गिलाव्याचं एक ढेकूळ पडलं आणि एका बाईचा खांदा मोडला. त्यावरून मोठी सभा झाली, देऊळ धोक्याचं आहे असं ठरलं, आणि आण्णांनी मला निरोप धाडला. आम्ही वडार. दगड फोडणं, दगड घडवणं हे आमचं पिढ्यांचं काम. त्या पट्ट्यातल्या निम्म्या विहिरी माझ्या बापानं बांधल्या. जुनं उतरवायचं आणि नव्याचं जोतंही मीच बांधायचं, असं काम ठरलं. पुरतं वर्षभराचं काम. टोळीतली तीन बिऱ्हाडं बसून खाणार नव्हती.

आठ दिवस आधी मी बघायला गेलो होतो. देवळात पूजेला सोनाबाई गुरवीण होत्या. नवरा गेल्यापासून वीस वर्षं पूजा त्याच करायच्या, मुलं पुण्याला. मी सवयीनं बाहेरूनच छताकडं मान वर करून उभा राहिलो, तर त्या म्हणाल्या, "आत ये की. भाईरनं काय दिसणार तुला?"

आत गेलो. त्यांनी कुठं कुठं पाणी पडतं ते एकेक ठिकाण बोटानं दाखवलं.

"मी लग्न हून आले तवा टिपूस येत नव्हता बग," त्या म्हणाल्या. "वर शिमिट वतलं, तवापासनं लागलं. दोनदा वतलं. मी सांगत हुते, पर मला कोण इचारतंय?"

मी हूं म्हटलं आणि शिडी लावून वर गेलो. छत बघितलं, खाली उतरलो, आणि आण्णांना सांगितलं की चैत्रात सुरू करू.

तर आता तो दिवस उजाडला होता. आदल्या दिवशी विधी करून देवाला कलशात घेतलं होतं आणि तो कलश सोनाबाईंच्या घरी ठेवला होता. आणि मी जोशीकाकांना अर्थ विचारत होतो.

"अर्थ मोठा आहे," काका म्हणाले. "तू नुसतं म्हण."

"माझं नाव त्यात दोनदा का येतंय, तेवढं सांगा."

काकांनी पोथी मिटली. माणूस खोटं बोलणारा नव्हता, एवढं मी त्यांच्यासाठी आजही म्हणेन. ते हळू आवाजात म्हणाले, "देवालय मोडण्याचा जो दोष आहे, तो घाव घालणाऱ्याला लागावा. त्याच्या कुळाला लागावा. गावाला आणि कमिटीला लागू नये. असा संकल्प आहे."

पुढच्या रांगेतल्यांनी ऐकलं. त्यांनी मागच्यांना सांगितलं. कुणाला नवल वाटलेलं दिसलं नाही. म्हणजे ते सगळ्यांना ठाऊक होतं. मला सोडून सगळ्यांना.

नागव्वानं मागून आमच्या बोलीत विचारलं, काय म्हणतोय तो. मी सांगितलं. तिनं डोक्यावरची चुंबळ काढली आणि खाली बसली.

आण्णा पुढं आले. आवाज समजुतीचा होता. म्हणाले, तिमा, ही एक रीत असते, मनाला लावून घ्यायचं नसतं, तुमचं तर हातावरचं काम, दगड फोडणाऱ्याला कुठं दोष लागतो. मी म्हणालो, लागत नसेल तर मग गावाच्या नावानं म्हणा.

त्यांनी काकांना पुढचं म्हणायची खूण केली.

मी सुतकी उलटी धरली, दांडा लोकांकडं केला, आणि पायरीवरून खाली उतरलो.

"पहिला घाव गावातल्या माणसानं घालावा," मी म्हणालो. "कुणीबी घाला. राहिलेलं समदं देऊळ मी उतरवून देतो, एक दगड न मोडता."

पहिल्यांदा मी सरपंचांपुढं दांडा धरला. ते म्हणाले, माझी पाठ धरलीय. कमिटीचे खजिनदार होते, त्यांनी हात मागं घेतले. एक पैलवान गडी होता, यात्रेत गदा जिंकलेला. तो म्हणाला, माझ्या घरात बाळंतीण आहे. मी एकेकापुढं जात होतो आणि माणसं मागं सरकत होती. शिवायला नको म्हणून आम्हांला वरून पाणी ओतणारी माणसं त्यांच्या आधीच्या पिढीत होती. आज मात्र ती माझ्या हातातल्या दांड्यापासून सरकत होती. मी पुरी फेरी घातली. शेवटी आण्णांपुढं उभा राहिलो.

आण्णांनी सुतकी घेतली. त्यांना भ्याड म्हणणाऱ्याची मी जीभ धरीन. रागानं लाल झालेले, पांढरा स्वच्छ सदरा, बाह्या वर केल्या आणि सरळ देवळाच्या भिंतीशी गेले. सुतकी खांद्यापर्यंत उचलली. मग घाव कुठं घालावा म्हणून त्यांनी भिंत बघितली. एका दगडावर हत्ती होता. शेजारच्यावर मोर. त्याच्या खाली नांगर धरलेला माणूस आणि त्याची बैलजोडी, इतकी झिजलेली की ठाऊक असेल त्यालाच दिसावी. लहानपणापासून त्यांनी ती हजार वेळा बघितली असेल. सुतकी वरच राहिली. मग त्यांनी ती खाली ठेवली.

"उद्या जेसीबी मागवतो," ते म्हणाले.

"मागवा," मी म्हणालो. "त्या डायव्हरलाबी काकांची ओळ म्हणायला लावा. अर्थ मी सांगतो त्याला."

मागं कुणीतरी हसलं. आण्णा वळले, तसं हसू थांबलं.

"आणि पावसाळ्यात परत कुणाच्या डोक्यात ढेकूळ पडलं तर?" त्यांनी मला विचारलं. "ते पाप कुणाचं? तू घेणार?"

"घेतो," मी म्हणालो.

हे बोलायचं मी ठरवलं नव्हतं. तोंडातून गेलं, आणि गेल्यावर मागं घेता येईना. मग पुढचंही बोललो. दोन महिने द्या. गळती मी थांबवतो. थांबली नाही, तर हेच देऊळ एकट्यानं उतरवून देतो, फुकट, आणि काकांची ती ओळ पुरती म्हणतो, माझ्या आणि माझ्या पोरांच्या नावानं.

नागव्वा ताडकन उठली.

आण्णा म्हणाले, जमलं नाही तर या पट्ट्यात तुला वीट लावायला मिळणार नाही, हेही धरून चाल. मी म्हणालो, धरलं. तेवढ्यात गर्दीतून सोनाबाई पुढं आल्या. पायरीवरचा पाट त्यांनी उचलला, तांदूळ पदरात घेतले, आणि झाडायला सुरुवात केली. सभा तिथंच मोडली.

दुसऱ्या दिवशी मी वर चढलो. छतावर सिमेंटचे दोन थर होते, वीतभर जाडीचे. जुन्या लोकांनी छताला उतार ठेवला होता आणि कडेनं दगडी पन्हाळी काढल्या होत्या, आठ ठिकाणी. सिमेंट ओतणाऱ्यांनी त्या आठही बुजवल्या होत्या. पाणी जायला वाट नाही, म्हणून ते सिमेंटाच्या खाली शिरायचं आणि दगडाच्या सांध्यातून आत उतरायचं. मूळ दगडाला काही झालं नव्हतं. रोग औषधानंच आणला होता.

आम्ही छिन्नीनं सिमेंट काढलं, आठही पन्हाळी मोकळ्या केल्या. मशीन लावलं नाही, दगड हादरला असता. वीतभर सिमेंट तळहाताएवढ्या तुकड्यांनी काढायला आम्हां सहा जणांना चाळीस दिवस लागले. पहिले पंधरा दिवस गावातलं कुणी तिकडं फिरकलं नाही. खालून जाणारे मान वर न करता जायचे. सोळाव्या दिवशी एक म्हातारा शेतकरी, रामू शेंडगे, टोपलं घेऊन आला आणि खाली पडलेला राडा उचलायला लागला. मी विचारलं, आण्णा काय म्हणतील. तो म्हणाला, "म्या काय घाव घालतोय व्हय? घाणच काढतोय." त्यानंतर रोज पाचसहा जण यायला लागले, आणि प्रत्येक जण येताना तेच वाक्य म्हणायचा.

माझ्या बापाच्या वेळची चुन्याची घाणी गावाबाहेर पडून होती. तिचं चाक शेंडग्याच्या बैलांनी ओढलं. चुना, वाळू, गुळाचं पाणी, बेलफळ, हिरडा. त्या चुन्यानं छताचे सांधे वरून भरले. सोनाबाई बेलफळं फोडून द्यायच्या. नागव्वा चुना मळताना माझ्याशी कामापुरतंच बोलायची. पोरांच्या नावानं पैज लावली, हे तिनं पोटात ठेवलं होतं, आणि ते बरोबरच होतं.

चुना वाळला तेव्हा वैशाख संपत आला होता. मी आण्णांच्या घरी जाऊन सांगितलं, काम झालं. आता पाऊस ठरवेल.

आण्णा म्हणाले, "पावसाची वाट मी बघत न्हाई. पाऊस लागल्यावर गळालं तर वर्ष गेलं. उद्याच बघायचं."

दुसऱ्या दिवशी दुपारी बागांना औषध मारायचे नऊ ट्रॅक्टर देवळाभोवती येऊन उभे राहिले. द्राक्षं उतरून गेली होती, ट्रॅक्टर रिकामेच होते. टाक्यांत पाणी भरलं, नळ्या वर केल्या, आणि पंप सुरू झाले. वरून बोअरच्या दोन मोटारींची धार वेगळी. सगळ्या गावाच्या अंगावर तुषार उडत होते. आण्णा मात्र बाहेर थांबले नाहीत. इस्त्रीचे पांढरे कपडे घालून ते सभामंडपात गेले आणि जिथं सगळ्यात जास्त गळायचं तिथं मांडी घालून बसले. मी त्यांच्या समोर बसलो. सोनाबाई खांबाला टेकून उभ्या होत्या.

पहिल्या घटकेत आठही पन्हाळी वाहायला लागल्या. बाहेर आरडाओरडा झाला. आत छत कोरडं. एक तास गेला, दोन गेले. ट्रॅक्टर जाऊन टाक्या भरून येत होते. मी छताकडं बघत नव्हतो, आण्णांकडं बघत होतो. ते छताकडं बघत होते.

तिसऱ्या तासाला त्यांनी बोट वर केलं.

पश्चिमेच्या कोपऱ्यात, खांब छताला भिडतो तिथं, दगड ओला झाला होता. तळहाताएवढा डाग. थेंब नव्हता, पण ओल होती. बाहेरून डोकावणाऱ्यांना दिसली, आणि गलका थांबला. एकानं पंप बंद करायला सांगितलं.

नागव्वा दारात उभी होती. तिनं डाग बघितला आणि मग मला.

कारणं माझ्या तोंडाशी आली होती. एवढं पाणी वर्षाच्या पावसातही एका दमात पडत नाही, हे खरं होतं. मी ते बोललो नाही.

"ओल हाय," मी म्हणालो. "सांधा एक राहिला माझ्याकडनं. शब्द दिलेला तुमाला, आण्णा. आता तुमी सांगा. उतरवू म्हणाला तर उद्या उतरवायला घेतो. पण बाकी छत तुमी तीन तास बघितलंय. ते बघितलं न्हाई, असं कुणाला सांगू नका."

आण्णा उठले. कपड्यांवर त्यांनी हात फिरवला, पुढून, मग मागून. कापड कोरडं होतं. ते कोपऱ्यात गेले आणि टाचा उंचावून त्यांनी त्या ओल्या दगडाला हात लावला.

"तेवढा सांधा उद्या भर," ते म्हणाले. "आणि सोनाबाई, देव कधी आणायचा त्यो दिस तुमी काढा."

सोनाबाईंना आयुष्यात पहिल्यांदा कमिटीनं काही विचारलं होतं. त्यांनी जराही घाई केली नाही. विचार करून सांगते, म्हणाल्या.

पुढच्या यात्रेआधी आण्णांनी मला बोलावलं. देवळात संगमरवराची एक पाटी आणून ठेवली होती. वर जीर्णोद्धार असं लिहिलेलं, खाली अध्यक्ष, कमिटी, देणगीदार, आणि सगळ्यात शेवटी: कारागीर, तिमाप्पा यल्लप्पा धोत्रे. दुसऱ्यांची नावं मी दगडात पुष्कळ कोरली होती. माझं नाव कुणी कोरलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. आण्णांनी ते मनापासून केलं होतं. ते म्हणाले, पुढच्या खांबाला चार भोकं पाड आणि बसव.

मी नको म्हणालो. खांबाला भोक पडणार नाही.

"अरे, तुझं नाव हाय त्यात," आण्णा म्हणाले.

"असू दे. माझ्या नावासाठीबी न्हाई."

त्यांनी दोनदा समजावलं, एकदा रागावले. मग पाटी उचलून घेऊन गेले. ती त्यांच्या बागेतल्या शेडमध्ये आहे. माल निघतो तेव्हा बायका तिच्यावर द्राक्षाच्या पेट्या रचतात.

घरी आल्यावर मी नागव्वाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "त्या देवळावर एवढा जीव हुता तुमचा? पोरं पैजंला लावली, आता नाव घालवलं."

तेव्हा मी तिला ते सांगितलं, जे आजवर दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही. आठ दिवस आधी शिडीवरून वर गेलो, तेव्हाच बुजलेल्या पन्हाळी मला दिसल्या होत्या. देऊळ धडधाकट आहे, नुसतं सिमेंट काढलं तरी भागेल, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. पण वर्षभराचं काम होतं. मी गप्प बसलो. त्या ओळीत माझं नाव दोनदा आलं नसतं, तर मी सुतकी मारली असती, आणि दुपारपर्यंत अर्धं छत खाली आलं असतं. मी देवळासाठी उभा राहिलो नाही. मला राग आला, म्हणून उभा राहिलो.

नागव्वाचा हात थांबला. तव्यावरची भाकरी एका अंगानं करपली तरी तिनं उलटली नाही.

"आणि आज?" ती म्हणाली. "आज कशाचा राग हुता?"

"आज राग न्हवता," मी म्हणालो. "आज मला त्या खांबाची काळजी वाटली."